गर्दीच्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरण्याआधी
वर्षाचं पॅकेज घेण्याआधी ट्रायल मागा, आणि ती दुपारी 3 ला नको, तुम्ही रोज जाणार त्याच वेळी, म्हणजे ऑफिस सुटल्यावर 7 ते 9 मध्येच घ्या. मी दुपारी बघून आलो, सगळं रिकामं, लगेच पैसे भरले आणि पहिल्याच सोमवारी बेंचसाठी माझ्या आधी तीन जण उभे. सोमवारी जो तो चेस्ट मारायला येतो, त्या दिवशी पाय करा.

मशीनवर कोणी फोन बघत बसलं असेल तर सरळ विचारा, "दादा, किती सेट राहिलेत? मधे मी मारू का?" बहुतेक जण हो म्हणतात. नाहीच मिळालं तर डंबेलची एक जोडी घेऊन कोपऱ्यात स्क्वॅट, रो, प्रेस, 30 मिनिटांत होतं सगळं. टॉवेल दोन न्या, बेंचवर दुसऱ्याचा घाम दिसला की मला खरंच राग येतो, पुसायला काय जातं?

आणि सही करताना फ्रीझ (म्हणजे मेंबरशिप मधे थांबवणं) किती दिवस, दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होतं का, रिफंड कसा, हे लेखी घ्या, सेल्सवाल्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करता येते.