फिश टँकवरचा सरकता दिवा

धुळ्यात माझ्या घरी चार फुटी फिश टँक आहे. दिवा एकच, ३० वॅटचा एलईडी. तो मधोमध टांगला की मधे शेवाळ आणि कडेच्या वनस्पती फिक्या. दुसरा लावता आला असता, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पाण्यावर आणखी एक तापणारी वस्तू नको होती. मग आहे तोच सरकवायचं ठरवलं.

मोटर आट्यांची सळई फिरवते, सळईवरचा नट दिव्याची चाकवाली गाडी ढकलतो. सगळं गणित आट्यांचं. ८ मिलिमीटरच्या साध्या आट्याच्या सळईवर नट एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर सरकतो. दिवा ९० सेंटिमीटर न्यायचा तर ७२० फेरे. मिनिटाला एक फेरा मारणारी १२ व्होल्टची गिअर मोटर घेतली की बरोबर १२ तास! वहीत हे जमलं तेव्हा मी जेवण विसरलो होतो.

सळई स्टेनलेसचीच घ्या. माझी पहिली लोखंडी गंजली. रूळ म्हणून सरकत्या खिडकीचा अ‍ॅल्युमिनियम ट्रॅक आणि त्याचीच चाकं, फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडे मिळतात.

माझी फजिती नटाने केली. तो गाडीला पक्का जोडला होता. सळई थोडी तरी वाकडी असतेच, त्यामुळे गाडी अर्ध्यात अडकली आणि मोटर कण्हत बसली. नट उभ्या खाचेत सैल ठेवा: फिरता कामा नये, वरखाली हलला पाहिजे. मोटरचा दांडा आणि सळई जोडायला बाइकच्या पेट्रोल पाइपचा तुकडा आणि दोन क्लॅम्प. वाकडेपणा तो पाइपच गिळतो.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच, प्रत्येकाच्या दोन पायांमध्ये एक १एन४००७ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. गाडी टेकली की मोटर थांबते. सहा पायांचा टॉगल स्विच सकाळी दाबून प्लस-मायनस उलटवलं की डायोडमधून करंट जाऊन ती परत निघते. सळई जोडण्याआधी स्विच बोटाने दाबून बघा. मोटर थांबली नाही तर डायोड उलटा लागलाय. अर्थात माझ्याकडे सूर्य एक दिवसाआड पश्चिमेला उगवतो. आजी रोज विचारते, "हाई काय शे रे भाऊ?"

गाडीला वरून साखळी बांधाच, रुळावरून उतरली तरी दिवा पाण्यात पडू नये. वायरीला खाली झोळ द्या, थेंब तिथून गळतील. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपचा ईएलसीबी हवा, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. लाइट गेली तर गाडी आट्यांवर आहे तिथेच थांबते, आली की तिथूनच पुढे.