सावलीच्या कोपऱ्यात भुईचाफा: नागपूरच्या हवेत हेलेबोरला पर्याय

हेलेबोर हे युरोप आणि पश्चिम आशियातल्या डोंगराळ रानांचं झाड. भर थंडीत फुलतं आणि उन्हाळाभर मुळं गार मातीत ठेवून स्वस्थ बसतं. त्याचं बी रुजायलाही आधी उबेचे आणि मग कडक गारव्याचे कित्येक आठवडे लागतात. नागपूरची थंडी त्याला चालून जाईल, पण एप्रिल उजाडला की खेळ संपतो. मे महिन्यात दिवसा पारा ४५ च्या आसपास आणि रात्रीही २८ च्या खाली उतरायचं नाव नाही, अशा हवेत कुंडीतली माती गार होतच नाही आणि मुळं कुजतात. फ्रीजमध्ये बी ठेवणं, कुंडीत बर्फ टाकणं या खटपटीत पडू नका. रोप फार तर एक हिवाळा जगेल.

हेलेबोर ज्यासाठी हवं असतं ते मात्र इथेही मिळतं. सावलीत, पानांच्या आधी, थेट मातीतून वर येणारं फूल म्हणजे भुईचाफा, शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. हळद-आल्याच्या कुळातला हा कंद हिवाळ्यात झोपतो. मार्च-एप्रिलात उघड्या मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं काढतो आणि पावसाळ्यात वरून रुपेरी नक्षीची, खालून जांभळट पानं धरतो. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण जुना, भरलेला गड्डा दोन-तीन आठवडे रोज नवी फुलं देत राहतो.

जागा मेच्या शेवटी ठरवा

डिसेंबरात सावलीची वाटणारी जागा जूनमध्ये सावलीची असेलच असं नाही. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे घराच्या उत्तरेची भिंत, जिला परदेशी पुस्तकं कायमची सावली समजतात, तिच्यावर आपल्याकडे नेमकं नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं. सकाळचं नऊपर्यंतचं ऊन भुईचाफ्याला हवंच असतं. दुपारी चारचं पश्चिमेचं ऊन मात्र पानं भाजतं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशा तीन वेळा जागा बघा.

सावली किती दाट आहे हे पांढऱ्या कागदावर कळतं. दुपारी बाराला कागदाच्या फूटभर वर हात धरा. हाताची सावली पुसट पडली तर जागा उत्तम. कडा ठळक दिसल्या तर ऊन जास्त आहे. सावली पडतच नसेल तर तिथे फुलं येणार नाहीत. अशा ठिकाणी नुसत्या पानांचं झाड, अ‍ॅग्लोनिमा ठेवा आणि विषय संपवा.

कडुनिंबाखालची सावली फसवी असते. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे भुईचाफा फुलायच्या वेळी वरचं छप्पर उडालेलं असतं. शिवाय निंबाची मुळं कुंडीच्या भोकातून आत शिरून पाणी ओढतात. त्याच्याखाली कुंडी ठेवायची तर विटांवर ठेवा आणि तेवढे दोन महिने वर जुनी सुती चादर किंवा पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. आंब्याची सावली बारमाही असते, पण बऱ्याचदा गरजेपेक्षा दाट. घराच्या बाजूची सांदवाडी, म्हणजे दोन भिंतींमधला अरुंद बोळ, ही सर्वांत चांगली जागा, फक्त तिथे कूलरचा गरम झोत येत नाही हे पाहून घ्या.

खरं तर इथे झाड मारतं ते ऊन नव्हे, गरम कोरडा वारा. लोक जाळी डोक्यावर बांधतात आणि लू आडवी येऊन पानं वाळवते. सावलीच्या जागी जाळी पश्चिमेला उभी लावा, जमिनीपासून चार-पाच फूट. कुंड्या भिंतीपासून किमान फूटभर दूर ठेवा, कारण तापलेली भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते.

माती

अंगणातली काळी माती कुंडीत नको. पावसाळ्यात ती चिकट गोळा होते, मार्चमध्ये भेगा पडून कंदाची मुळं तुटतात. दोन भाग लाल माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग जाडी रेती आणि एक भाग जुनं शेणखत एकत्र करा. बांधकामाची कन्हान नदीची रेती चालते, पण चाळून बारीक भुकटी काढून टाका. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरते. कोकोपीट एक दशांशाच्या वर नको. मेमध्ये एकदा कोरडं पडलं की ते पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि आत कंद तहानलेलाच राहतो.

कुंडी मातीची, दहा ते बारा इंच रुंद आणि आठ इंच खोल. खोल उभट कुंडीत तळाची माती पावसाळाभर ओली राहते, म्हणून पसरट कुंडी बरी. तळाला किमान तीन भोकं, वर खापराचे तुकडे.

लावणी

कंद फेब्रुवारीत लावतात. गड्डा हातात घ्या: वर डोळे, खाली जाड मुळांना लटकलेल्या फुगीर गाठी. त्या गाठी म्हणजे झाडाची शिदोरी, त्या तोडू नका. गड्डा टणक हवा. दाबून मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका.

१. कुंडी निम्मी भरून मधे मातीचा छोटा उंचवटा करा, गड्डा त्यावर बसवा आणि मुळं चहूबाजूंनी खाली पसरू द्या.
२. डोळ्यांवर दोन इंच माती येईल एवढंच भरा. जास्त खोल गेला तर फूल मातीतच अडकतं.
३. दहा इंची कुंडीत एक मोठा किंवा दोन लहान गड्डे. कडेने दोन बोटं मोकळी ठेवा.
४. वर अर्धा इंच बारीक खडी पसरा. फूल मातीला चिकटूनच उमलतं, खडी नसेल तर पहिल्याच पाण्याने पाकळ्यांवर चिखल उडतो.
५. एकदा पाणी घाला आणि मग वरची माती बोटभर कोरडी होईपर्यंत थांबा.

फूल जमिनीलगत असतं आणि वास मंद, त्यामुळे फुलायच्या दिवसांत कुंडी स्टुलावर किंवा ओट्यावर ठेवली तर त्याचा उपयोग.

वर्षभराचं पाणी

मार्चमध्ये आठवड्यातून दोनदा, एप्रिलपासून एक दिवसाआड, मेमध्ये रोज. पहाटे घालणं उत्तम. जमलं नाही तर सूर्य मावळून कुंडी निवल्यावर. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी घातलं तर मुळांभोवती ते पाणीही तापतं. चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर कुंडी मोठ्या टोपलीत ठेवून मधली जागा ओल्या रेतीने भरा. नवतपात घरी असतानाही हा उपाय चांगलाच.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची सवय घरोघरी आहे. ती सोडा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आठवडाभराचं ते पाणी कुंडीत पडलं की पानांच्या कडा तपकिरी होतात आणि मातीवर पांढरी पापडी धरते. पापडी दिसलीच तर ती खरवडून काढा आणि कुंडीच्या दुप्पट मापाचं साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

मृगाचा पाऊस पडला की पानं जोमाने वर येतात. खत द्यायचं ते याच काळात, दर वीस दिवसांनी: दहापट पाण्यात जीवामृत किंवा लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत. मेच्या उन्हात खत अजिबात नाही. पुढच्या वर्षीची फुलं याच पानांच्या जिवावर येतात, त्यामुळे ऑक्टोबरात पानं पिवळी पडू लागली तरी कापू नका, आपोआप गळू द्या. नोव्हेंबरपासून पाणी जवळपास बंद. महिन्यातून एकदा वाटीभर पुरे, तेही माती अगदी भुसभुशीत कोरडी झाली तर.

बिघडतं कुठे

बहुतेक भुईचाफे हिवाळ्यात पाण्याने मरतात. वर काही दिसत नाही म्हणून माणूस रोज तांब्याभर ओततो आणि फेब्रुवारीत गड्ड्याचा लगदा हाती लागतो. रिकाम्या कुंडीवर नावाची पाटी रोवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी तिच्यात मिरचीचं रोप लावणार नाही.

पानं भरपूर पण फूल नाही, याची कारणं दोनच: जागा फार अंधारी किंवा पानं लवकर कापलेली. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली धुरकट जाळं दिसलं तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत वाढतो, म्हणून पानांची खालची बाजू सलग तीन दिवस पाण्याच्या फवाऱ्याने धुतली की औषधाशिवाय आटोक्यात येतो. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पानं रात्रीतून चाळणीसारखी करतात. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा इलाज.

सोबतीला काय

भुईचाफ्याचा बहर संपतो तेव्हा फुटबॉल लिलीचा लाल गोळा मे-जूनमध्ये वर येतो. तिचा कांदा लावताना मान मातीच्या वर ठेवा आणि मग तीन-चार वर्षं हलवू नका. कुंडीत दाटी झालेली तिला आवडते. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या एका दिवसात तिचं पान फस्त करतात, हाताने काढा.

कॅलेडियमचे कंद मेच्या अखेरीस दोन इंच खोल लावले की जून ते ऑक्टोबर रंगीत पानं मिळतात. मधला मोठा डोळा चाकूच्या टोकाने काढला तर बाजूचे डोळे फुटून पानं दुप्पट येतात, आकाराने थोडी लहान. लिली आणि कॅलेडियम दोन्ही विषारी आहेत, रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कुंड्या उंचावर ठेवा.

हे तिन्ही झोपल्यावर कोपरा ओस पडतो. तिथे सिनेरारिया हे हिवाळी फुलझाड. ऑक्टोबरात ट्रेमध्ये बी पेरा, नोव्हेंबरच्या मध्यावर आठ इंची कुंडीत हलवा, जानेवारीच्या शेवटी निळी-गुलाबी फुलं येतात. मावा आणि नागअळी ठरलेली, पाच मिली निंबोळी तेल लिटरभर पाण्यात थोड्या साबणासह घोळून संध्याकाळी फवारा.

भुईचाफा दर दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारीत, डोळे हलायच्या आधी वेगळा करा. कुंडी उलटी करून गड्डा सोडवा आणि प्रत्येक तुकड्याला किमान दोन डोळे आणि तीन-चार फुगीर गाठी येतील असा कापा. कापलेल्या जागी लाकडाची राख लावा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. लहान तुकड्यांना पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच येतात.