सकाळी सातचा वर्ग आणि अकॅडेमिक डेकॅथलॉन: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या पालकांसाठी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नववी-दहावीत दाखल झाली की महिन्याभरात घरी दोन शब्द येतात: झिरो पीरियड, म्हणजे नियमित शाळेआधीचा ऐच्छिक तास, आणि अकॅडेमिक डेकॅथलॉन, म्हणजे शाळांच्या संघांची दहा प्रकारांची अभ्यासस्पर्धा. बऱ्याच शाळांत हे दोन्ही एकाच वेळापत्रकात अडकलेले असतात, म्हणून इथे एकत्रच घेतले आहेत.

आधी झिरो पीरियड. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे 1 जुलै 2022पासून हायस्कूलचा दिवस सकाळी 8.30च्या आधी सुरू करता येत नाही. ग्रामीण जिल्ह्यांना यातून सूट आहे आणि झिरो पीरियडलाही आहे. त्यामुळे नियमित शाळा साडेआठला भरते आणि त्याआधीचा ऐच्छिक तास सात-सव्वासातला. तो घेण्यामागचं कारण बहुधा साधं असतं. दिवसाला सहा तास, त्यात बँड किंवा ऑर्केस्ट्रा घेतलं की एखादा एपी (कॉलेजच्या पातळीचा) विषय बसत नाही; मग पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण, पहाटे ढकलायचं. काही शाळांत डेकॅथलॉनचाच वर्ग झिरो पीरियडला असतो आणि त्याची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत ग्रेडपत्रकावर, येते.

सही करण्याआधी शाळेत तीन गोष्टी विचारा. या तासाला स्कूल बस आहे का? बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणजे सोडायचं काम तुमच्याकडे. जानेवारीत लॉस एंजेलिसला सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सायकल किंवा चालत जाणं वाटतं तितकं सोपं नाही. दुसरं, वर्ग सोडायची शेवटची तारीख कोणती? ती उलटली की सोडलेल्या वर्गाची नोंद ट्रान्सक्रिप्टवर राहू शकते. तिसरं, उशीर कसा मोजतात? राज्याच्या कायद्यात योग्य कारणाशिवाय 30 मिनिटांपेक्षा जास्त गैरहजेरी वर्षातून तीनदा झाली की विद्यार्थ्याला ट्रुअंट (विनाकारण शाळा बुडवणारा) धरतात आणि घरी पत्र येतं. 'पाच मिनिटं इकडे-तिकडे' हा आपला हिशेब इथे चालत नाही.

हा तास टिकतो की नाही, हे ठरतं रात्री. किशोरवयात शरीराला झोप येण्याची वेळच पुढे सरकते आणि झोप हवी असते आठ ते दहा तास. सहाला उठायचं तर दहाला डोळा लागलेला हवा. आपल्या घरात नेमकी तीच भारतात फोन लावायची वेळ: इथे रात्रीचे साडेदहा म्हणजे पुण्यात सकाळ टळून दुपार होत आलेली. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल शनिवार-रविवारवर न्या. मुलं ऑगस्टमध्ये उत्साहाने उठतात. खरी घसरण ऑक्टोबरमध्ये दिसते, आणि ती पहिल्या तासात नाही, दुपारच्या गणितात दिसते.

आता डेकॅथलॉन. ही स्पर्धा कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत 1968मध्ये सुरू झाली आणि 1980च्या दशकात देशभर गेली. दहा प्रकार आहेत. सात लेखी परीक्षा: कला, संगीत, साहित्य, अर्थशास्त्र, सामाजिक शास्त्रं, विज्ञान, गणित. त्यावर निबंध, भाषण आणि मुलाखत. प्रत्येकी 1,000 गुण, म्हणजे एका विद्यार्थ्याचे 10,000. दर वर्षी एक सूत्र असतं आणि गणित सोडून बाकी विषय त्याभोवती गुंफलेले असतात. 2021-22ला पाणी होतं, 2022-23ला अमेरिकन क्रांती, 2024-25ला बदलतं हवामान.

आपल्या पालकांना पटायला सर्वांत जड जाते ती संघाची रचना. संघात नऊ मुलं: तीन ऑनर्स, तीन स्कॉलॅस्टिक, तीन व्हार्सिटी. गट ठरतो जीपीएवरून, म्हणजे ग्रेडच्या सरासरीवरून. 3.80 आणि वर ऑनर्स, 3.20 ते 3.799 स्कॉलॅस्टिक, त्याखाली व्हार्सिटी. संघाच्या बेरजेत प्रत्येक गटातल्या वरच्या दोघांचे गुण धरतात, म्हणजे सहा जणांचे मिळून जास्तीत जास्त 60,000. व्हार्सिटीतल्या मुलाचे 7,500 आणि टॉपरचे 7,500 यांची किंमत अगदी सारखी. नऊच्या नऊ टॉपर घेऊन संघ उभाच राहत नाही.

म्हणून 'आपला ढ आहे, त्याला कशाला पाठवायचं' हा विचार इथे उलटा पडतो. ऑनर्सचा मुलगा 8,800वरून 9,300वर न्यायला कोचचा घाम निघतो. व्हार्सिटीतला मुलगा 5,000वर सुरुवात करतो आणि नेमाने बसला तर हजार-दीड हजार वर चढतो, कारण त्याची अडचण बुद्धीची नसून गृहपाठ वेळेवर न देण्याची असते. चांगले कोच शाळाभर नेमका असाच मुलगा शोधत फिरतात: वाचनाची खोड आहे, ग्रेड मात्र सी. लॉस एंजेलिसच्या एल कमिनो रियल आणि ग्रॅनडा हिल्स या शाळांनी राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळवलं आहे, आणि तिथेही गट हेच तीन.

जीपीए काढताना घरोघरी गोंधळ होतो. शाळेच्या पोर्टलवर दिसणारा 4.2 हा एपीचा वाढीव गुण धरलेला आकडा असतो. डेकॅथलॉनला तो चालत नाही. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, एवढंच. पीई आणि बँडसारखे विषय त्यात धरत नाहीत. त्यामुळे पोर्टलवर 4.0 दिसणारं मूल स्कॉलॅस्टिकमध्ये निघू शकतं. हिशेब काउन्सेलरकडून लेखी घ्या, तोही संघ ठरण्याआधी. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांची आठवी ते दहावीची मूळ गुणपत्रकं, शाळेच्या सही-शिक्क्यासह, पहिल्याच भेटीत द्या. टक्क्यांची ग्रेड करायला शाळेला वेळ लागतो आणि तोवर मुलाचा गट अधांतरी राहतो. सोप्या गटात बसावं म्हणून ग्रेड मुद्दाम पाडण्याची कल्पना कोणी सुचवली तर तिथेच थांबवा. कॉलेजच्या अर्जात तोच ट्रान्सक्रिप्ट जातो.

साधारण क्रम असा: वसंतात सूत्र कळतं, उन्हाळ्यात वाचन, नोव्हेंबर-डिसेंबरात सराव सामने, जानेवारी-फेब्रुवारीत विभागीय, मार्चमध्ये राज्य, एप्रिलमध्ये राष्ट्रीय. उन्हाळा वाया गेला की तो भरून निघत नाही. जूनमध्ये चार आठवडे भारतवारी असेल तर अभ्यासपुस्तिका बरोबर न्या आणि दिवसाला वीस पानं ठरवून टाका.

लेखी परीक्षेला 30 मिनिटांत 50 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. गणिताला त्याच वेळात 35. घोकंपट्टीने पहिला टप्पा गाठता येतो, पुढे नाही, कारण पर्याय एकमेकांच्या अगदी जवळचे असतात. कलेचं उदाहरण घ्या. एका चित्राचं एकच कार्ड केलं, पुढे चित्र, मागे चित्रकाराचं नाव, तर मुलाला नाव येतं आणि प्रश्न भलताच येतो: माध्यम कोणतं, कोणासाठी काढलं, त्या काळात काय घडत होतं. एका चित्राची चार कार्डं करा, प्रत्येकावर एकच प्रश्न. संगीतात तुकडा ऐकवून विचारतात. पुस्तिका दहादा वाचली आणि रचना एकदाही ऐकली नाही, तर तिथे गुण जाणारच. झिरो पीरियडला जाताना गाडीत बातम्यांऐवजी त्या रचना लावा, रोजची पंधरा मिनिटं आयती मिळतात. अर्थशास्त्राचा मूळ भाग, म्हणजे मागणी-पुरवठा, बाजाराचे प्रकार, चलनवाढ, दर वर्षी साधारण तोच राहतो. नवख्याने सुरुवात तिथून करावी.

भाषणात आपली मुलं एका विशिष्ट पद्धतीने गुण घालवतात. गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेचा चढा सूर, हातवारे आणि टाळ्यांसाठी थांबणं इथल्या परीक्षकांना नाटकी वाटतं. तयार भाषण साडेतीन ते चार मिनिटांचं. कमी-जास्त झालं की गुण कापतात. इंग्रजीत साधारण 480 शब्द लिहा आणि घरी 3 मिनिटं 50 सेकंदांवर बसवा, कारण प्रत्यक्षात मूल भरभर बोलतं. त्याला लागूनच उत्स्फूर्त भाषण: तयारीला एक मिनिट, बोलायला दीड ते दोन. त्या मिनिटातली पहिली दहा सेकंदं विषय निवडायला, पुढची चाळीस दोन उदाहरणं ठरवायला, उरलेली शेवटचं वाक्य ठरवायला. शेवटचं वाक्य ठरलेलं नसेल तर मूल दीड मिनिटाच्या आतच 'थँक यू' म्हणून मोकळं होतं.

मुलाखत सात मिनिटांची. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर टक्के आणि बक्षिसांची यादी सुरू झाली की परीक्षकाला पुढे विचारायला काही उरत नाही. एकच खरी आवड तपशिलात सांगावी. ताकातली कढी न फुटता कशी करायची, हे नीट सांगणारी मुलगीसुद्धा मुलाखत जिंकू शकते. तिथे व्हार्सिटीतली मुलं अनेकदा ऑनर्सवाल्यांना मागे टाकतात.

लेखी परीक्षा, भाषण, मुलाखत यांना पालकांना आत घेत नाहीत. सुपर क्विझ, म्हणजे संघांची प्रश्नमंजुषा, तेवढी प्रेक्षकांसमोर होते. त्या दिवशी हॉलमध्ये जागा हवी असेल तर लवकर पोचा. मुलाच्या पिशवीत पेन्सिली, खोडरबर, काट्याचं घड्याळ आणि पोटभरीचं काही द्या, कारण परीक्षेच्या खोलीत फोन चालत नाही. आणि काउन्सेलरला आधीच विचारून ठेवा, दुसऱ्या दिवशी झिरो पीरियडची गैरहजेरी माफ होते का.