बडोद्याला येताय? आधी मुलांच्या शाळेची फाइल लावा

आम्ही २००६ च्या मे महिन्यात नाशिकहून बडोद्याला आलो. ह्यांची नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, घर मांजलपूरला भाड्याचं, मुलगी तिसरीत जाणार होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ओळखीतलं एखादं मराठी कुटुंब इकडे येतं, आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्यातली आई कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे बसलेली असते. पिशवीत सगळं असतं, पण हवा तो कागद काही केल्या सापडत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी नाव. इथं नाव लिहायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव लिहितो. गुजरातच्या शाळेत आडनाव पहिलं. फॉर्मवर पहिल्या रकान्यात ‘अटक’ लिहिलेलं असतं, म्हणजे आडनाव. आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलीचं नाव आपल्या क्रमानं होतं. कारकुनानं ते डावीकडून उजवीकडे जसंच्या तसं तीन रकान्यांत उतरवलं. मुलीचं नाव झालं आडनाव, वडिलांचं नाव तिचं नाव आणि आमचं आडनाव वडिलांचं नाव! प्रगतिपुस्तक हातात यायचं, त्यावर तीन शब्द दिसायचे आणि मी म्हणायची, इथला क्रम असेल. गुजराती अक्षरं मला तेव्हा धड लागतही नव्हती. वर्गात सगळे तिला तिच्या नावानंच हाक मारायचे, त्यामुळे सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

नववीत बोर्डासाठी नावं पडताळायला घेतली तेव्हा उलगडा झाला. इथं शाळेच्या मूळ रजिस्टरला वयपत्रक म्हणतात. आपलं जनरल रजिस्टर असतं ना, तेच. त्यातलं नाव बदलायचं तर शाळा आपल्या मनानं बदलत नाही, जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला आणि नाशिकच्या शाळेच्या रजिस्टरचा सही-शिक्क्याचा उतारा, एवढं जमवताना ह्यांच्या नाशिकला दोन फेऱ्या झाल्या आणि चार महिने गेले. पोरगी रोज विचारायची, आई, माझं नाव आलं का?

म्हणून हात जोडून सांगते, फॉर्म स्वतः भरा, कारकुनावर सोडू नका. प्रवेश झाल्यावर आठवड्याभरात शाळेत जाऊन वयपत्रकातली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मुख्याध्यापकांना विचारून तिचा फोटो काढा. फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता करा: मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजी स्पेलिंगसकट, जन्मदाखल्यावर आहे अगदी तसं. जिथं फॉर्म भराल तिथं त्या तक्त्यावरूनच भरा. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं असं असेल तर निघण्याआधी तिकडेच दुरुस्त करा.

फाइल दोन करा. एकीत मूळ कागद, ती घराबाहेर न्यायची ती फक्त दाखवायला. दुसरीत प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर पुढे सही-शिक्का घेता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मात्र नव्या शाळेत मूळच द्यावा लागतो, म्हणून देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा. परराज्यातून आलेल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी इथल्या बऱ्याच शाळा मागतात. ती जिल्हा परिषदेत जाऊन आधीच घ्या. इथं येऊन त्यासाठी परत जाणारी तीन घरं मी पाहिली आहेत. पत्त्यासाठी भाडेकरार, लाइट बिल, घर स्वतःचं असेल तर वेरा बिल, म्हणजे घरपट्टीचं बिल. फोटो डझनभर काढा.

आता वय. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असली तरी चालतं. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा पूर्ण असावीच लागतात. पालक त्याविरुद्ध हायकोर्टात गेले होते, तिथंही नियम कायम राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये जन्मलेलं मूल घ्या. तिकडे ते जून २०२५ मध्ये पहिलीत बसतं, इथं त्याला एक वर्ष थांबावं लागतं. मूल जून ते डिसेंबरमधलं असेल तर घर बघण्याआधी शाळेला हे विचारा. कुणी ‘थई जशे’, म्हणजे ‘होऊन जाईल’, म्हणालं तर तेवढ्यावर विसंबू नका. इथली माणसं गोड आहेत, तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. लेखी मागा, लेखी दिलेला शब्द पाळतात.

दाखला यायला उशीर झाला तर घाबरू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांना आठवीपर्यंत त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. खाजगी शाळेत मात्र हे कलम उपयोगी पडत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईबापांची मुलाखत घेणं कलम १३ नुसार बहुतेक शाळांना चालत नाही, तरी आपलेच लोक मुलाला आठवडाभर घोकवून नेतात, ते मला मुळीच पटत नाही. खाजगी शाळांच्या फीसाठी २०१७ चा कायदा आहे आणि बडोद्याला त्याची समिती आहे. समितीनं मंजूर केलेली फी किती, ते विचारा आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या.

महाराष्ट्राचा ओबीसी दाखला इथल्या राज्याच्या सवलतीला चालत नाही. त्या भरवशावर शाळा ठरवू नका.

गुजराती पहिली ते आठवी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची आहे, २०२३ चा कायदा आहे. आपल्याकडचे काही जण आल्याआल्या सूट कशी मिळेल ते शोधतात. कृपा करून तसं करू नका. शिरोरेघ नाही आणि दहा-बारा अक्षरं वेगळी, एवढाच फरक. माझी मुलगी दिवाळीपर्यंत वाचायला लागली, मी मात्र शिकले नाही आणि वयपत्रक वाचता आलं नाही.

मूल नववी ते बारावीत असेल तर बदली घेण्याआधी थांबून विचार करा. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी साधारणपणे तिथूनच झालेली लागते. सीबीएसई दहावीत आणि बारावीत मधूनच सहसा प्रवेश देत नाही.

आणि जुनी शाळा सोडायच्या दिवशी एक काम करा. यूडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, ज्याला शाळेत ‘पेन’ म्हणतात, तो लिहून घ्या आणि मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे त्याच पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकायला लावा. जुन्या शाळेनं सोडल्याशिवाय नव्या शाळेला ते आपल्याकडे ओढता येत नाही. मे महिन्यात तिकडची शाळा बंद असते, फोन कुणी उचलत नाही, म्हणून हे एप्रिलमध्येच, क्लार्कच्या शेजारी उभं राहून, स्क्रीनवर बघून करा.