भूवैज्ञानिक कालतक्ता वाचताना या चुका टाळा

भूवैज्ञानिक काळाचा तो रंगीत तक्ता समोर आला की नजर आधी आकड्यांवर जाते. घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘ट्रायासिक कालखंड २५.१९ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला’ हे पाठ होतं आणि तीच व्याख्या वाटू लागते. व्याख्या असते खडकात. आकडा नंतर येतो.

चीनमधल्या मेइशानचा, खडकांचे थर दाखवणारा उभा छेद बघा. तिथला २७ क्रमांकाचा चुनखडीचा थर जेमतेम १६ सेंटीमीटर जाड. त्याचेही चार भाग पाडलेत. त्यातल्या ‘२७-सी’च्या तळाशी हिंडिओडस पार्व्हस या कोनोडॉन्टचे (नामशेष झालेल्या सागरी जीवाचे) दातासारखे सूक्ष्म अवशेष पहिल्यांदा दिसतात. तो तळ म्हणजे ट्रायासिकची आणि त्यातल्या पहिल्या, इंडुअन स्टेजची (स्टेज म्हणजे कालखंडाच्या खडकांचा छोटा विभाग) सुरुवात. हा ‘सोनेरी खिळा’, म्हणजे सीमा ठरवणारा खडकातला अधिकृत बिंदू, २००१ मध्ये मान्य झाला. २००४ च्या कालमापनात या रेषेचं वय २५.१० कोटी होतं, आता २५.१९. खिळा जागचा हलला नाही, वय मोजणं सुधारलं. गंमत म्हणजे हे वय २७-सीमधून काढलेलंच नाही. वय मोजायला लागणारे झिरकॉन खनिजाचे स्फटिक मिळतात ज्वालामुखीच्या राखेत, आणि राखेचे थर आहेत खाली २५ व वर २८ क्रमांकाचे. मधलं वय त्यांच्यावरून हिशेबाने बसवलेलं. म्हणून आकड्यापुढचं ‘±’ (मोजणीतली संभाव्य चूक) उतरवून घेताना गाळू नका.

इथेच दुसरी चूक होते: सीमा म्हणजेच जीवांचा महासंहार असं धरून चालणं. मेइशानला जीव नाहीसे होऊ लागतात ते २५ क्रमांकाच्या थरापाशी, म्हणजे खिळ्याच्या खालीच.

दोन पुस्तकांत आकडे जुळत नसतील तर आधी छपाईचं वर्ष बघा, मग विचारा: वय सुधारलं की सीमाच सरकली? क्वाटर्नरी या सर्वात अलीकडच्या कालखंडाची सुरुवात जुन्या पुस्तकांत १८ लाख वर्षांपूर्वी आहे. २००९ मध्ये ती २५.८ लाखांवर नेली. ही दुरुस्ती मोजणीची नव्हे, सीमा खरोखरच खाली नेली.

नावावरून ठिकाण ओळखायला जाऊ नका. मास्ट्रिक्शियन हे स्टेजचं नाव नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट शहराचं, खिळा मात्र फ्रान्समध्ये. डेनियन डेन्मार्कवरून, खिळा ट्युनिशियात. मेघालयनचं नाव आणि खिळा दोन्ही मेघालयातच, तेही मॉमलुह गुहेतल्या एका चुनखडी स्तंभात!

स्टेजचा शेवट कुठे नोंदलाय हे शोधत बसू नका. व्याख्या फक्त तळाची होते. पुढच्या स्टेजचा तळ हाच आधीचीचा शेवट.

स्टेज हा खडकांचा संच, एज हा त्याचा काळ. त्यामुळे टी. रेक्स हा डायनासोर वावरला उत्तर (म्हणजे उशिराच्या) क्रिटेशस काळात, त्याची हाडं सापडतात वरच्या क्रिटेशस खडकांत. परीक्षेत यावर हमखास गुण जातात.

आणि कँब्रियनमध्ये नुसतं ‘स्टेज ४’ दिसलं तर ती छपाईची चूक नाही. तिचा खिळा अजून ठरायचाय, म्हणून नावही नाही. उलट अँथ्रोपोसीनला (मानवी प्रभावाच्या प्रस्तावित काळाला) नाव आहे, पण मार्च २०२४ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला गेला. तक्त्यात तो शोधू नका.