न बघता मराठी टायपिंग: सुरुवात कशी करावी

नागपुरात लिपिकाच्या परीक्षेची तयारी सुरू केली की पोरं आधी क्लास शोधतात. त्याआधी कळफलक ठरवा. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. परीक्षेत रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) चालेल की इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित मांडणी), ते जाहिरातीत नीट वाचा. दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका, बोटं गोंधळतात. निवडायची मोकळीक असेल तर नवशिक्याने इनस्क्रिप्ट घ्यावा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं.

आता हात ठेवा. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, तिथे दोन्ही तर्जन्या. डाव्या करंगळीपासून तर्जनीपर्यंत ो, े, पाय मोडायची कळ आणि ि. उजव्या तर्जनीपासून करंगळीपर्यंत र, क, त, च. मधल्या दोन कळांपैकी ु डाव्या तर्जनीची, प उजव्या तर्जनीची. स्पेस अंगठ्याने.

मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे हात आळीपाळीने चालतात. आधी याच ओळीतले शब्द घोटा: चोर, पुरे, पिकते, पत्र. "पत्र"साठी प, त, पाय मोडा, र. ि पडद्यावर अक्षराच्या आधी दिसत असली तरी टाइप नंतरच करायची. रेमिंग्टनवरून आलेले इथे हमखास अडखळतात.

मग तिन्ही ओळी. त्यासाठी "नागपूर" हा शब्द झकास आहे. न खालच्या ओळीत डाव्या तर्जनीने, ा वर डाव्या मधल्या बोटाने, ग वर उजव्या मधल्या बोटाने, प मधल्या ओळीत उजव्या तर्जनीने, ू वर डाव्या तर्जनीने, र पुन्हा उजव्या तर्जनीने. प्रत्येक कळीनंतर बोट घरच्या, म्हणजे मधल्या, ओळीत परत आणा.

कळांवर मराठी स्टिकर लावू नका, नजर तिथेच अडकते. तक्ता भिंतीवर लावा. तरी मान खाली जातच असेल तर उन्हात तोंडाला बांधायचा दुपट्टा हातांवर टाका.

रोज वीस मिनिटं बसा. रविवारी सलग तीन तास बसून फक्त मनगट दुखतं. वेग आठवडाभर मोजूच नका. त्याच त्या अक्षराला चूक होत असेल तर त्या अक्षराचे शब्द वेगळे काढून सावकाश घोटा.

शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताची दाबायची. ळ उजव्या तर्जनीचा, म्हणून शिफ्ट डावी. अ डाव्या मधल्या बोटाचा, म्हणून शिफ्ट उजवी. हे जमलं की "वऱ्हाड" लिहून बघा. साधा र घेऊन पाय मोडलात तर रफार होऊन हच्या डोक्यावर बसतो. र शिफ्टसह दाबा, मग पाय मोडा, मग ह.