शब-ए-कद्र: जागरण आणि फित्रा

शब-ए-कद्र ही रमजानमधली सर्वांत पवित्र रात्र; बहुतेक जण ती सत्ताविसावी धरतात. सत्ताविसावी रात्र म्हणजे सव्विसावा रोजा सोडल्यावर सुरू होणारी रात्र. घोळ होतो तो इथेच. शिवाय 21, 23, 25, 27, 29 यांतली कोणतीही शब-ए-कद्र असू शकते, म्हणून पाचही जागवाव्यात. तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची खास नमाज) दोन-दोन रकात (नमाजची आवर्तनं) नफील म्हणजे ऐच्छिक नमाज, कुरआन आणि ‘अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी’ (हे अल्लाह, तू क्षमाशील आहेस, क्षमा तुला आवडते, मला क्षमा कर) ही दुआ. रात्रभर जागून फजर (पहाटेची नमाज) मात्र झोपेत घालवू नका.

फित्रा म्हणजे रमजान संपताना माणशी द्यायचं दान; संपत्तीवर दरवर्षी द्यायच्या जकातीपेक्षा तो वेगळा. हनफी पंथाच्या हिशेबाने माणशी अर्धा साअ (साअ हे जुनं अरबी माप), सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. बेदाण्याने द्यायचा तर पूर्ण साअ, म्हणजे दुप्पट वजन. तासगावचा बेदाणा दारातच असताना ऐपतदार सांगलीकराने गव्हावर का थांबावं? ईदच्या नमाजआधी फित्रा गरजूच्या हाती पोचवा.